स्फटिकातील प्रोटॉनचा प्रवास

गोदावरीच्या काठचे नांदेड आणि मांजरेच्या खोऱ्यातील लातूर या दोन्ही जिल्ह्यांत काळ्या जमिनीचा विस्तार मोठा आहे. उन्हाळ्यात ही जमीन इतकी भेगाळते की, भेगेत हाताचा पंजा सहज जातो. मृगाचा पाऊस पडला की तीच जमीन पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात आणि बैलाचे पाऊल चिखलात रुतते. शेतकऱ्यास यात नवल वाटत नाही. पिढ्यानपिढ्या तो हे पाहत आला आहे. परंतु या मातीची चिमूटभर भुकटी प्रयोगशाळेत नेली, तर तिच्यात एक निराळेच जग आढळते.

ही माती ज्वालामुखीच्या काळ्या खडकापासून झालेली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर तप्त लाव्हारसाचे थरावर थर पसरले. ते थंड होऊन खडक बनला आणि ऊनपावसाने झिजून त्याची माती झाली. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. ज्या पदार्थातील कण ठरावीक क्रमाने, रांगेत रांग लावून बसलेले असतात, त्यास स्फटिक म्हणतात. मीठ, खडीसाखर, तुरटी ही नेहमीच्या पाहण्यातील उदाहरणे होत. माँटमोरिलोनाइटचे स्फटिक मात्र पोथीच्या पानांसारखे असतात. एकेक पान मिलिमीटरच्या सुमारे दहा लाखाव्या भागाइतके पातळ! पावसाचे पाणी या पानांच्या मध्ये शिरते, पाने एकमेकांपासून दूर सरतात आणि जमीन फुगते.

अशा ओल्या स्फटिकांमधून विजेचे वहन होऊ शकते. ते करणाऱ्या अनेक कणांत एक कण फार विलक्षण आहे. त्याचे नाव प्रोटॉन.

प्रोटॉन म्हणजे काय, हे समजण्यास हायड्रोजनचा अणू पुरेसा आहे. सर्व अणूंत हा अणू साधा. त्याच्या मध्यभागी धन विद्युत्भार असलेला एक प्रोटॉन असतो आणि भोवती ऋण विद्युत्भार असलेला एक इलेक्ट्रॉन असतो. तो इलेक्ट्रॉन काढून घेतला, तर मागे केवळ प्रोटॉन उरतो. अणूच्या मानाने तो इतका लहान असतो की, अणू एखाद्या गावाएवढा मानला तर प्रोटॉन त्या गावाच्या चावडीवर ठेवलेल्या लिंबाएवढा ठरावा. असे असूनही त्याचे वजन इलेक्ट्रॉनच्या सुमारे १८३६ पट भरते.

तांब्याच्या तारेतून वीज वाहते तेव्हा इलेक्ट्रॉन वाहत असतात. प्रोटॉनला मात्र तसे मोकळे फिरता येत नाही. आकाराने अत्यंत लहान व धनभारित असल्यामुळे तो एकटा राहूच शकत नाही. जवळ प्राणवायूचा अणू दिसला की तो त्यास जाऊन बिलगतो. मग असा बिलगून बसणारा कण घट्ट, कठीण स्फटिकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो तरी कसा? याच प्रश्नाचा उलगडा या पाठात करावयाचा आहे.

या उलगड्याचा आरंभ दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी पाण्यापासून झाला. १८०० साली इटलीतील व्होल्टा याने विद्युत्घट जगापुढे मांडला. पुढे पाण्यात दोन तारा बुडवून त्यांतून वीज सोडली असता एका तारेपाशी हायड्रोजनचे आणि दुसरीपाशी प्राणवायूचे बुडबुडे निघतात, असे दिसून आले. विद्वानांस कोडे पडले. पाण्याचा एक कण फुटला, तर त्याचे दोन्ही भाग एकाच जागी दिसावयास हवेत. ते इतक्या दूरदूरच्या तारांपाशी कसे प्रकट होतात?

१८०६ साली थिओडोर ग्रोथस या एकवीस वर्षांच्या तरुणाने त्याचे उत्तर सुचविले. कोणताही एक कण एवढा प्रवास करीत नाही, असे त्याचे म्हणणे होते. दोन तारांमध्ये पाण्याच्या कणांची जणू साखळी असते. प्रत्येक कण आपला हायड्रोजन शेजाऱ्यास देतो आणि दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याकडून नवा घेतो. अशा रीतीने साखळीच्या टोकांपाशी मात्र वायू मोकळे होतात. त्या काळी पाण्याच्या रेणूची खरी रचना कोणास निश्चितपणे ठाऊक नव्हती. प्रोटॉन हे नाव तर रदरफर्डने १९२० साली दिले. ग्रोथसच्या विचारातील बराच तपशील पुढे बदलला. तथापि हातोहात देण्याची ही कल्पना टिकून राहिली. आजही या रीतीस त्याचेच नाव दिले जाते.

गावात घराचा स्लॅब घालताना पाहिले म्हणजे ही रीत ध्यानात येते. खालपासून वरपर्यंत बाया-माणसे रांगेत उभी राहतात. खाली कालवलेला माल घमेल्यात भरला जातो आणि घमेले एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देत वर पोहोचते. कोणीही जिना चढत नाही, कोणी आपली जागा सोडत नाही. तरी माल सरसर वर जातो. स्फटिकातील अणू हे त्या रांगेतील माणसांसारखे असतात. ते आपापल्या जागी राहतात. हातोहात पुढे सरकते ते घमेले, म्हणजे प्रोटॉन.

मात्र रांगेतील माणसाकडे नीट पाहिले पाहिजे. त्याला दोन कामे करावी लागतात. पहिले काम घमेले पुढच्याच्या हाती देण्याचे. दुसरे काम मागे वळण्याचे. कारण मागे वळल्यावाचून पुढचे घमेले घेता येणार नाही. प्रोटॉनच्या प्रवासातही हीच दोन कामे आहेत. प्रोटॉन एका प्राणवायूच्या अणूवरून शेजारच्या अणूवर उडी घेतो, हे पहिले. ज्या रेणूने तो दिला, तो रेणू नवा प्रोटॉन घेण्यासाठी वळतो, हे दुसरे. उडी आणि वळण यांपैकी एक जरी थांबले, तरी सारी रांग थांबते. पाण्यात दोन्ही सहज घडतात. म्हणून पाण्यात प्रोटॉन हा सोडियमच्या भारित कणापेक्षा सुमारे सातपट वेगाने पुढे सरकतो.

आता पाणी गोठून बर्फ झाले असे समजावे. बर्फ हा स्फटिक आहे. त्यात पाण्याच्या प्रत्येक रेणूला चार शेजारी असतात आणि प्रत्येक दोन शेजाऱ्यांच्या मध्ये नेमका एक हायड्रोजन असतो. सगळे कसे नेटके! परंतु या नेटकेपणातच अडचण आहे. रांगेतील प्रत्येकाच्या हाती एकेक घमेले असेल, तर कोणी कोणाला काय देणार? एकाचे तरी हात रिकामे हवेत, किंवा एक तरी घमेले जास्तीचे हवे. बर्फात कोठेतरी एखादा रेणू चुकीच्या बाजूस वळलेला असतो, कोठे एखादा प्रोटॉन जास्त अथवा कमी असतो. अशा उणिवांच्या आधारानेच बर्फातून प्रोटॉन थोडाफार सरकतो. ज्याच्या रचनेत एकही उणीव नाही, असा स्फटिक प्रोटॉनचे वहन करू शकणार नाही. म्हणून चांगल्या वाहक स्फटिकात क्रम तर हवाच. पण त्या क्रमात नेमक्या जागी थोडी मोकळीकही हवी. ती कशी आणावी, याचाच शोध वैज्ञानिक घेत आले.

एक मार्ग उष्णतेचा आहे. सीझियम या धातूचे एक आम्ल लवण असते. त्यात सल्फेटचे गट असतात. प्रत्येक गटाच्या मध्ये गंधकाचा एक अणू व भोवती प्राणवायूचे चार अणू असतात. थंड असताना हे गट आपापल्या जागी जखडलेले असतात. दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना जसे अंग वळविता येत नाही, तशीच त्यांची स्थिती असते. या लवणास सुमारे १४१ अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की त्याची रचना एकदम बदलते आणि सल्फेटचे गट जागच्या जागी गरगर फिरू लागतात. लवण वितळलेले नसते, ते घनच असते. तरीही त्यातून प्रोटॉनचे वहन हजारपटींहून अधिक वाढते. सोव्हिएत रशियातील वैज्ञानिकांनी १९८२ साली हा चमत्कार नोंदविला. घमेल्यांच्या रांगेतील प्रत्येकास वळण्यापुरती जागा मिळाली, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा मार्ग मुद्दाम उणीव ठेवण्याचा आहे. काही धातूंच्या ऑक्साइडांपासून चिनी मातीसारखे कठीण पदार्थ बनवितात. त्यातील धातूच्या काही अणूंच्या जागी वेगळ्या धातूचे अणू घातले, तर प्राणवायूच्या काही जागा रिकाम्या राहतात. अशा पदार्थावर पाण्याची वाफ सोडली म्हणजे वाफेतील प्राणवायू ती रिकामी जागा भरतो आणि पाण्याचे दोन प्रोटॉन स्फटिकात प्रवेश करतात. मग ते एका प्राणवायूच्या अणूभोवती फिरतात आणि संधी मिळताच दुसऱ्यावर उडी घेतात. जपानमधील हिरोयासु इवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली असे पदार्थ प्रकाशात आणले. त्यांचे काम मात्र शेकडो अंश उष्णतेत चालते. घरातील चुलीपाशी ते जागे व्हावयाचे नाहीत.

तिसरा मार्ग काळ्या मातीचा. माँटमोरिलोनाइटच्या पानांमधील पाणी साध्या पाण्यासारखे मोकळे नसते. पानांच्या मध्ये कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम यांचे धनभारित कण असतात. ते पाण्याच्या रेणूंना आपल्याकडे ओढतात आणि त्या ओढीमुळे रेणू आपला प्रोटॉन अधिक सहज सोडून देतो. मग तो प्रोटॉन पानांच्या बोळातील पाण्यातून हातोहात पुढे जातो. कधी कधी मात्र एखादा पाण्याचा रेणूच प्रोटॉनला घेऊन पुढे सरकतो. म्हणजे रांग मोडून एखाद्याने घमेले डोक्यावर घेऊन चालू लागावे, तसे. माती वाळली की पाणी जाते, पाने मिटतात आणि ही वाटही बंद होते.

एवढे सूक्ष्म ज्ञान मिळवून माणसास काय लाभले? त्याचे उत्तर इंधनघटात आहे. या घटाच्या एका बाजूस हायड्रोजन व दुसऱ्या बाजूस प्राणवायू देतात. मध्ये एक पडदा असतो. हायड्रोजन पडद्यापाशी येताच त्याचा प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. पडदा प्रोटॉनला वाट देतो. इलेक्ट्रॉनला मात्र देत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतून वळसा घालून जावे लागते. जाता जाता तो दिवा पेटवितो, यंत्र फिरवितो. पलीकडे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन व प्राणवायू एकत्र येतात आणि पाणी बनते. धूर नाही, काजळी नाही. चंद्राकडे गेलेल्या अपोलो यानांतही इंधनघट होते आणि त्यांत तयार झालेले पाणी अंतराळवीर पीत असत.

घटाचे सारे यश पडद्यावर अवलंबून असते. त्याने प्रोटॉनला जाऊ द्यावे. इलेक्ट्रॉनला आणि वायूंना अडवावे. आज बहुधा लांब साखळ्यांच्या रेणूंचा, म्हणजे बहुवारिकाचा पडदा वापरतात. तो ओला असेल तोवर चांगले काम करतो. शंभर अंशांच्या पुढे पाणी उडून गेले की मंदावतो. उलट, सीझियमच्या लवणास उष्णता हवी, पण ते पाण्यात विरघळते. ऑक्साइडांना तर भट्टीच हवी. कोरड्यातही चालेल, पाण्यात विरघळणार नाही आणि फार तापवावेही लागणार नाही, असा स्फटिक हाती यावा म्हणून जगभर प्रयत्न चालू आहेत.

या प्रयत्नांत महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्यात १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. तेथील राहुल बॅनर्जी आणि त्यांचे सहकारी यांनी कार्बन, नायट्रोजन अशा हलक्या मूलद्रव्यांच्या रेणूंची एक स्फटिकी जाळी विणली. मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे तिच्यात सारख्या आकाराची छिद्रे एका रांगेत होती. त्या छिद्रांत त्यांनी फॉस्फोरिक आम्ल भरले. आम्लाचे रेणू जाळीतील नायट्रोजनला धरून राहिले आणि प्रोटॉनसाठी वाट तयार झाली. ही जाळी दमट हवेत आणि कोरड्या स्थितीतही प्रोटॉनचे वहन करते, असे त्यांनी २०१४ साली दाखवून दिले. पुढे २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यातच, केपीआयटी ही कंपनी आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद यांनी मिळून सिद्ध केलेली इंधनघटावर चालणारी बस लोकांसमोर आली. तिच्यातील पडदा अद्याप बहुवारिकाचाच होता. स्फटिकाचा पडदा रोजच्या वापरात येण्यास आणखी बरेच परिश्रम हवे आहेत.

मराठवाड्याच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. येथे सूर्यप्रकाश भरपूर आहे. त्यापासून वीज करून तिच्या साहाय्याने पाण्यातून हायड्रोजन काढता येतो व रात्री तोच इंधनघटात वापरता येतो. पण त्यासाठी पाणी हवे; आणि पाण्याचे मोल लातूरला कोणी शिकवावे लागत नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूर शहराची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी आली, तेव्हा तिच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. एक किलो हायड्रोजन मिळविण्यास नऊ लिटर पाणी फोडावे लागते. पाणी शुद्ध करणे, यंत्रे थंड ठेवणे यांसाठी लागते ते निराळेच. जेथे पिण्याच्या पाण्याची वाट पाहावी लागते, तेथे नऊ लिटरही थोडे नव्हेत.

सुदैवाने हे पाणी नाहीसे होत नाही. हायड्रोजन इंधनघटात वापरला की तेवढेच नऊ लिटर पाणी पुन्हा तयार होते. ते वाफ होऊन हवेत उडून गेले तर हाती काही उरत नाही. ते साठवून पुन्हा वापरले, तर तेच पाणी फिरून फिरून कामास येईल. ज्या पडद्यास ओले राहण्यासाठी वेगळे पाणी लागत नाही, असा पडदा दुष्काळी मुलखास विशेष उपयोगी पडेल. तो घडविण्यासाठी अणूंची रांग कशी लावावी, तिच्यात उणीव कोठे ठेवावी आणि प्रत्येकास वळण्यापुरती जागा कशी द्यावी, हे जाणणारी माणसे हवीत. काळ्या जमिनीच्या भेगा पाहत वाढलेल्या मुलामुलींनी हे काम हाती घेतले, तर ते या मुलखाच्या गरजेचेच काम ठरेल.

शब्दार्थ

विद्युत्भार – विजेचा अंश, विजेचा भार. वहन – वाहून नेणे. तथापि – तरीसुद्धा. जखडलेला – घट्ट बांधलेला. उणीव – कमतरता. बहुवारिक – अनेक लहान रेणू साखळीप्रमाणे जोडून झालेला पदार्थ. सिद्ध करणे – तयार करणे. मुलूख – प्रदेश.

अभ्यास

१. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, याचे कारण सांगा.

२. प्रोटॉन स्फटिकात एकटा का राहू शकत नाही?

३. घमेल्यांच्या रांगेतील माणसास कोणती दोन कामे करावी लागतात? प्रोटॉनच्या प्रवासात त्यांच्याशी जुळणाऱ्या दोन गोष्टी कोणत्या?

४. कारणे द्या : (अ) अगदी निर्दोष बर्फातून प्रोटॉनचे वहन होणार नाही. (आ) सीझियमचे लवण तापविल्यावर त्यातील वहन एकदम वाढते. (इ) इंधनघटात इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतून जावे लागते.

५. लातूरला आलेल्या पहिल्या गाडीतील सारे पाणी फोडले असते, तर सुमारे किती किलो हायड्रोजन मिळाला असता? तो सर्व इंधनघटात वापरला, तर किती लिटर पाणी परत मिळेल? असे करणे त्या वेळी योग्य ठरले असते काय? आपले मत पाच-सहा ओळींत लिहा.

६. ‘हातोहात’, ‘पिढ्यानपिढ्या’, ‘जागच्या जागी’ हे शब्दप्रयोग आपल्या वाक्यांत योजा.

७. उपक्रम : वर्गातील दहा मुलांनी रांगेत उभे राहून एक चेंडू हातोहात पुढे द्यावा. नंतर कोणीही मागे न वळता तोच खेळ पुन्हा करून पाहावा. काय फरक पडला, ते वहीत लिहा.